कवडसा निघाला अंबाबाईला भेटायला

“आवर पटापट, ऊन गाठायचंय,” आत्या म्हणाली.

मी तेव्हा चौथीत होते. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला आत्याकडे आले होते, आणि संध्याकाळचे साडेचार वाजत होते. एसटी गाठतात हे मला माहीत होतं. सिनेमाचा खेळ गाठतात. पण ऊन? ऊन तर आपणहून अंगणात येऊन पडतं आणि त्यात आई पापड वाळवते. त्याला गाठायला घाईघाईने जायचं कशाला?

“चल तर खरं. मी दावतो तुला,” आत्या म्हणाली. (कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्याला परतल्यावर मीही आठवडाभर ‘मी जेवतो’ म्हणत होते आणि आई कपाळाला हात लावत होती.)

आम्ही पोचलो अंबाबाईच्या देवळात. आत ही गर्दी! पण नेहमीसारखी ढकलाढकली नव्हती. माणसं दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभी होती आणि मधली वाट मोकळी होती, जणू एखादी वरात यायची आहे. सगळ्यांची तोंडं एकदा देवीकडे, एकदा मागे महाद्वाराकडे. तेवढ्यात आतले दिवे विझवले. काळोख झाला. आणि त्या काळोखात, मागून, जमिनीवरून सरपटत एक सोनेरी पट्टा आत आला.

आत्या माझ्या कानात क्रिकेटची कॉमेंटरी करावी तशी सांगू लागली. “गरुड मंडप झाला बघ. आता गणपती चौक. कासवापाशी आलं. पितळी उंबरा... थांब, थांब... चांदीचा उंबरा ओलांडला!” पितळी उंबऱ्यावर ऊन आलं तेव्हा तो असा झळाळला, की शेजारच्या एका आजोबांच्या चष्म्यात त्याची चकाकी दिसली. मग तो पट्टा गाभाऱ्यात शिरला, पायरी चढला आणि देवीच्या पावलांना शिवला. घंटा वाजली. पट्टा वर सरकला, लुगड्याच्या निऱ्यांवरून कमरेपर्यंत आला...

आणि विझला. कुठेतरी आभाळात एक क्षुल्लक ढग आडवा आला होता. एवढ्या माणसांचा मिळून एकच “अर्रर्र!” मी त्यानंतर फक्त मॅच हरल्यावर ऐकला आहे.

याला म्हणतात किरणोत्सव. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात तो वर्षातून दोनदा होतो: ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेवर-छातीवर आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येतात असं परंपरेने सांगतात. हेच दिवस का? दोनदाच का? आणि बाकीचे दिवस ते ऊन असतं कुठे? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, “सूर्यनारायण देवीच्या पाया पडायला येतो.” मला ते पटलंही. फक्त तो वर्षात सहाच दिवस पाया पडतो आणि बाकीचे दिवस दांडी मारतो, हे काही पटेना.

उन्हाकडे वळण्याआधी ज्यांच्या घरी ते पाहुणं येतं त्या बाईंची ओळख करून घेऊ.

कोल्हापूरचे लोक तिला अंबाबाई म्हणतात, बाहेरगावचे बरेचजण महालक्ष्मी म्हणतात, आणि यातलं खरं नाव कोणतं यावर मोठी माणसं तावातावाने भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. तिच्या गोष्टीही तशाच दोन्हीकडच्या आहेत. एका गोष्टीत ती विष्णूची लक्ष्मी आहे. भृगू ऋषी देवांची परीक्षा घ्यायला निघाले, वैकुंठात आले आणि त्यांनी झोपलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णूने रागावायचं सोडून उलट ऋषींचेच पाय चेपले, “आपल्याला लागलं तर नाही ना?” म्हणून. पण लक्ष्मीचं घर नेमकं त्या छातीत! माझ्या घरावर लाथ मारणाऱ्याचे पाय चेपता? ती जी रागाने निघाली ती थेट करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, येऊन राहिली. तिला शोधत विष्णू पृथ्वीवर आले आणि तिरुपतीच्या डोंगरावर व्यंकटेश होऊन थांबले. आजही नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईसाठी शालू येतो. म्हणजे भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, पण समजूत काढणं चालू आहे.

दुसऱ्या गोष्टीत ती लढणारी देवी आहे. कोल्हासुर नावाच्या राक्षसाला तिने मारलं, आणि मरताना त्याने मागणं मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे. तिने दिलं. मला ही देवी इथे फार आवडते. जिंकल्यावर हरलेल्याच्या नावाची पाटी गावाला लावू देणारे किती सापडतील?

पण या लढाईचं शेपूट खरं मजेशीर आहे. लढाईत अंबाबाईला त्र्यंबोली देवीने मोठी मदत केली होती. विजयाचा सोहळा झाला, सगळ्या देवांना आमंत्रणं गेली, आणि त्र्यंबोलीलाच बोलवायचं राहून गेलं! तुमच्या वाढदिवसाला जिवलग मैत्रिणीला बोलवायचं विसरलात तर काय होईल? तेच झालं. त्र्यंबोली रुसली आणि गावाबाहेर पूर्वेच्या टेकडीवर कोल्हापूरकडे पाठ करून बसली. तीच टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीची, टेकडी. मग अंबाबाई स्वतः तिच्या दारी समजूत काढायला गेली. म्हणून आजही नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथे एका लहान मुलीच्या हातून कोहळा फोडला जातो. तो कोहळा म्हणजे कोल्हासुर. फुटलेल्या कोहळ्याची फोड मिळवायला अशी झुंबड उडते, की कबड्डीचा संघ निवडायचा असेल तर तिथूनच निवडावा. टेंबलाईचा मान आषाढातही असतो. नदीला नवीन पाणी आलं की गल्लीगल्लीतून पोरीबाळी पंचगंगेच्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन निघतात आणि ते टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओततात. पुढे पिपाणी आणि ढोल. त्या वाजपाला कोल्हापुरात ‘पी ढबाक’ म्हणतात. दोनदा मोठ्याने म्हणून पाहा, कसा वाजतो ते कळेल.

लहानपणी या गोष्टीत मला एक शंका यायची. टेंबलाई पूर्वेला, आणि अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. म्हणजे टेंबलाईने पाठ फिरवली हे खरं, पण अंबाबाईचीही तिच्याकडे पाठच आहे की! आत्याने माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, “गप बस.”

पण हीच शंका लक्षात ठेवा. बऱ्याच देवळांत देवाचं तोंड पूर्वेला असतं, सकाळचं कोवळं ऊन समोरून यावं म्हणून. अंबाबाई पश्चिमेला पाहते. तिच्याकडे ऊन यायचं तर मावळतीचंच येणार.

मूर्ती काळ्या पाषाणाची, सुमारे तीन फूट उंच. उंची लक्षात ठेवा, पुढे गणिताला लागणार आहे. मागे सिंह. चार हात: एकात गदा, एकात ढाल, एकात पानपात्र आणि उजवीकडच्या खालच्या हातात महाळुंग. महाळुंग म्हणजे लिंबाच्या घराण्यातलं जाड सालीचं, खडबडीत, मोठं फळ. शास्त्रज्ञांनी लिंबाची वंशावळ शोधली तेव्हा कळलं, की आपलं आंबट लिंबू जन्मलं त्यात महाळुंगाचा वाटा आहे. म्हणजे देवीच्या हातात लिंबाचे पूर्वज आहेत! मोगली स्वाऱ्यांच्या धामधुमीत ही मूर्ती लपवून ठेवली होती आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा देवळात बसवली, असा इतिहास सांगतात.

आता ऊन.

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, असं तुमच्या पहिलीच्या पुस्तकात असतं. ते जवळजवळ खोटं आहे. अगदी ठीक पूर्वेला उगवून ठीक पश्चिमेला मावळायचं काम सूर्य वर्षात दोनदाच करतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. बाकी वर्षभर तो क्षितिजावर डावी-उजवीकडे फिरतीवर असतो. उन्हाळ्यात पश्चिमेच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, आणि हिवाळ्यात डावीकडे, दक्षिणेला. कोल्हापुरातून पाहिलं तर २१ डिसेंबरच्या सुमारास तो ठीक पश्चिमेपासून साडेचोवीस अंश दक्षिणेला जाऊन मावळतो. तिथून पुढे जात नाही. तिथून वळतो आणि परत यायला लागतो. झोपाळा टोकाला जाऊन वळतो तसा.

आता मला सांगा, झोपाळ्यावर बसून तुम्ही अंगणातल्या जास्वंदीसमोरून पुढे गेलात, तर त्याच जास्वंदीसमोरून पुन्हा जाल की नाही? जालच. परत येताना. किरणोत्सव दोनदा होतो तो एवढ्यासाठीच. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जाताना देवळाच्या दारासमोरून जातो आणि फेब्रुवारीत परत येताना पुन्हा त्याच दारासमोर येतो. विश्वास बसत नाही ना? मग कॅलेंडर काढा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर दिवस मोजा. ४१ आले? आता २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी. ४२. जाताना ४१, येताना ४२! मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने ठिपके केले होते. आईने टिपलेले दुधाचे खाडे त्यात बुडाले, त्याचं बोलणं वेगळं खाल्लं.

(इजिप्तमध्ये अबू सिंबेलला डोंगरात कोरलेलं एक प्राचीन देऊळ आहे. तिथे उगवत्या सूर्याचं ऊन २२ ऑक्टोबरला आणि २२ फेब्रुवारीला आतल्या मूर्तींपर्यंत पोचतं. मधले दिवस मोजा. ६० आणि ६३. तिथेही मधोमध डिसेंबरच बसलेला आहे.)

यावरून आणखी एक गुपित फुटतं. किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळतच नाही. तो तिथून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे देवळाची महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची सरळ रेघही तेवढी दक्षिणेकडे कललेली असणार. ती रेघ अगदी ठीक पश्चिमेला असती तर किरणोत्सव मार्चात आणि सप्टेंबरात झाला असता.

जुन्या काळच्या कारागिरांना दिशा कळायच्या कशा? मोबाइलमधला होकायंत्राचा बाण नव्हता. पण काठी होती. सपाट जमिनीवर एक काठी उभी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ आखायचं. सकाळी काठीची सावली लांब असते, आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला शिवतं. तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि दुसऱ्या बाजूला वर्तुळाला शिवते. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ तयार! त्या काठीला शंकू म्हणतात आणि ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. गच्चीवर करून पाहा. फक्त मधल्या वेळात वर्तुळावर कुणी वाळवण घालत नाही ना, तेवढं बघा.

बरं, दारासमोर सूर्य आला. पण ऊन पायावरून चेहऱ्यावर चढतं कसं? सूर्य तर खाली उतरत असतो!

नेमकं म्हणूनच. एक बुटांचा खोका घ्या. त्याच्या एका अरुंद बाजूला बोटभर भोक पाडा आणि समोरच्या बाजूला आत एखादी बाहुली उभी करा. खोलीत अंधार करून बाहेरून भोकावर टॉर्च धरा. टॉर्च वर धरलात तर उजेड खोक्याच्या तळावर पडेल. आता टॉर्च हळूहळू खाली आणा. तळावरचा कवडसा पुढे सरकत सरकत बाहुलीच्या पायाशी येईल आणि मग तिच्या अंगावर चढेल. दिवा खाली, कवडसा वर. गरुड मंडप, कासव, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा जो पट्टा मी पाहिला होता, तो असाच तळावरून चालत आला होता.

आता गणित. घाबरू नका, छोटंसं आहे. समजा, ज्या दाराच्या चौकटीतून ऊन येतं ती मूर्तीपासून ५० मीटरवर आहे. सूर्य एक अंश खाली उतरला, तर ५० मीटरवरचा कवडसा ८७ सेंटिमीटर वर चढतो. एक अंश म्हणजे किती? हात समोर ताठ करा आणि करंगळी धरा. तिची रुंदी साधारण एक अंश. आणि ८७ सेंटिमीटर म्हणजे किती? जवळजवळ तीन फूट, म्हणजे देवीची अख्खी उंची! कोल्हापुरात मावळतीच्या वेळी सूर्याला एक अंश उतरायला साधारण साडेचार मिनिटं लागतात. पायापासून मुकुटापर्यंत सगळा प्रवास जेमतेम पाच मिनिटांचा. त्या पाच मिनिटांत एक टिचभर ढग आला की संपलं. आजोबा उगाच “अर्रर्र” करत नव्हते.

आणि तीनच दिवस का, याचं उत्तरही याच गणितात लपलं आहे. त्या दिवसांत सूर्य रोज मावळतो ती जागा आदल्या दिवशीपासून सुमारे ०.३ अंश बाजूला सरकते. म्हणजे सूर्यबिंबाच्या निम्म्याहून थोडं जास्त. (सूर्य करंगळीच्या निम्म्या रुंदीएवढा दिसतो. हे करून बघायला सूर्याकडे कधीच पाहू नका, डोळे जातील. चंद्रावर मोजा. तो दिसायला तेवढाच आहे.) आमच्या ५० मीटरच्या हिशेबात कवडसा रोज पाऊण फुटाहून जास्त, एका वितीपेक्षा थोडा अधिक, बाजूला सरकतो. मूर्ती काही फार रुंद नाही. दोन-तीन दिवसांत कवडसा तिच्या अंगावरून घसरून भिंतीवर जातो, की झाला उत्सव. नंतर तो बिचारा दुसऱ्याच खांबावर पडत असतो. तिथे घंटा वाजवायला कुणी नसतं, एवढंच.

म्हणजे सूर्यनारायण दांडी मारत नव्हता. तो रोज येत होता, पत्ता चुकत होता.

आणखी एक गंमत. सूर्य सरळ खाली उतरत नाही, उजवीकडे तिरका घसरतो. त्यामुळे कवडसा चढता चढता उलट बाजूला, म्हणजे देवीच्या डाव्या अंगाकडे कलतो. ‘किरणं चेहऱ्यापर्यंत न पोचता डावीकडे लुप्त झाली’ अशी बातमी वाचली, की आता तुम्हाला हसू येईल, कारण का ते तुम्हाला माहीत आहे.

या पाहुण्याच्या वाटेत अडथळेही फार. मावळतीचा सूर्य क्षितिजाला टेकायला आलेला असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेतून तिरकं, लांबच लांब यावं लागतं. सूर्य तीन अंश वर असताना, डोक्यावर असताना लागते त्याच्या पंधरापट हवा ओलांडावी लागते! त्या हवेत धूळ, धूर, नदीकडची दमट वाफ. प्रकाशातला निळा रंग वाटेतच इकडेतिकडे विखुरतो आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतो तो तांबूस-सोनेरी शिल्लक भाग. तो रंग सुंदर दिसतो, पण जोर कमी झालेला असतो. त्यात महाद्वाराच्या पश्चिमेला गाव वाढलंय. एखादी उंच इमारत, गच्चीवरची पाण्याची टाकी, एखादा फलक... तीन अंशांवरचा सूर्य झाकायला फार उंच भिंत लागत नाही. शंभर मीटरवर सव्वापाच मीटर जास्तीची उंची पुरते. दोन मजलेसुद्धा नाहीत! म्हणून कोल्हापुरात किरणोत्सवाच्या आधी माणसं गच्च्यांकडे मान वर करून पाहत असतात. पतंगाच्या दिवसांत पोरं पाहतात तशी.

त्या वर्षी मला चेहऱ्यावरचं ऊन दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं आरक्षण होतं. पुढे खूप वर्षांनी एका फेब्रुवारीत योग आला. मी शहाणपणाने जुनी आठवण धरून पावणेसहाला पोचायचं ठरवलं आणि त्याही आधी जाऊन उभी राहिले. पावणेसहा वाजले, ऊन अजून बाहेरच. सहा वाजले, तरी नाही. किरणं पायांशी आली सव्वासहाच्या सुमाराला. पाय दुखायला लागले, पण डोक्यात दिवा लागला. सूर्य तर त्याच जागी मावळतोय, मग घड्याळ अर्धा तास पुढे कसं?

याचं उत्तर असं, की घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पुरती गोल नाही आणि पृथ्वी स्वतः कलती फिरते. त्यामुळे सूर्य डोक्यावरची रेघ ओलांडतो ती वेळ वर्षभर मागेपुढे होते. कोल्हापुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्याची मध्यान्ह सव्वाबाराच्या आसपास होते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पावणेएकच्या आसपास. मध्यान्हच अर्धा तास उशिरा, तर संध्याकाळही अर्धा तास उशिरा. गोष्ट साधी होती. पण ती कळायला मला अर्धा तास एका पायावर उभं राहावं लागलं.

आणि हो, त्या दिवशी ते ऊन चेहऱ्यावर आलं. आधी हनुवटी, मग नथ, मग डोळे. काळा दगड मधासारखा झाला. मिनिटभर. मग आरती सुरू झाली आणि दिवे लागले.

तुमच्या ध्यानात आलं का, की अंबाबाईचं नवरात्र, पालखी, ललिता पंचमी हे सगळं तिथीवर चालतं, पण किरणोत्सवाच्या तारखा इंग्रजी कॅलेंडरच्या आहेत? तिथ्या चंद्राच्या. चंद्राचं बारा महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं असतं, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. सूर्याला तसं चालत नाही. त्याच्या भेटीचा दिवस सूर्याच्याच कॅलेंडरवर बघावा लागतो.

आता शेवटचं, आणि हे आत्यालाही माहीत नव्हतं. तुमच्या घराचं दार किंवा खिडकी ठीक पश्चिमेपासून दोन्ही बाजूंना साधारण पंचवीस अंशांच्या आत कुठेही तोंड करून असेल आणि समोर काही आडवं नसेल, तर मावळता सूर्य वर्षातून दोनदा त्याच्या अगदी समोर येणारच. सुटकाच नाही. पूर्वेचं दार असेल तर सकाळी. म्हणजे तुमच्या घरातही किरणोत्सव होतो, फक्त कुणी तारीख लिहून ठेवलेली नाही. संध्याकाळी आत येणारा कवडसा समोरच्या भिंतीवर जिथे शेवटी विझतो, तिथे रोज पेन्सिलीने बारीक खूण करा आणि तारीख लिहा. महिन्याभरात खुणांची रांग कुठे निघाली ते दिसेल. मग कॅलेंडर घेऊन दुसरी तारीख तुम्हीच सांगा.

मी केलं. माझ्या पुण्याच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन २७ एप्रिलला थेट स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर जाऊन बसतं. बरणी चिनीमातीची, पांढरी, आत्यानेच दिलेली. २७ एप्रिल ते २१ जून झाले ५५ दिवस. २१ जूननंतर ५५ दिवस मोजले, तर आला १५ ऑगस्ट! मी लगेच आत्याला फोन करून सांगितलं, की माझ्याकडे स्वातंत्र्यदिनी किरणोत्सव असतो.

दर १५ ऑगस्टला संध्याकाळी आत्याचा फोन येतो. “आलं का गं ऊन?”

मी खिडकीबाहेर बघते. धो धो पाऊस.

“उद्या बघ की,” आत्या म्हणते.